अशनी कोणाच्या सातबाऱ्यावर?

२ एप्रिल २०२२, गुढीपाडव्याची संध्याकाळ. गुढ्या उतरवून झाल्या होत्या आणि विदर्भापासून खानदेशापर्यंत लोक अंगणात उभे राहून आकाशातून संथ सरकणाऱ्या जळत्या रेघा मोबाइलमध्ये टिपत होते. त्या रात्री चंद्रपूर जिल्ह्यात, सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरीजवळ धातूचे एक भलेमोठे कडे येऊन पडले. सुरुवातीला सगळीकडे ‘उल्का पडली’ अशीच बातमी होती. पुढे ते कडे चिनी अग्निबाणाचा अवशेष असल्याचा निष्कर्ष निघाला. या कड्याच्या मालकीबद्दल कायद्याला कसलीही शंका नाही. १९६७ च्या बाह्य अवकाश करारानुसार अवकाशात सोडलेली वस्तू परत येऊन कुठेही पडो, ती ज्या देशाच्या नोंदवहीत आहे त्या देशाचीच राहते.

त्याच विदर्भात, दहा वर्षांपूर्वी, २२ मे २०१२ ला भर दुपारी काटोल परिसरात आकाशातून दगड पडले होते. ते अस्सल अशनी होते. त्यांची नोंद कोणत्याच देशाच्या वहीत नव्हती. अशी साडेचार अब्ज वर्षे कोणाचीच नसलेली वस्तू जमिनीला टेकल्यावर कोणाची होते, हा प्रश्न गेली सव्वाशे-दीडशे वर्षे न्यायालये, संग्रहालये आणि हौशी शोधक आपापल्या परीने सोडवत आले आहेत. उत्तरे एकमेकांशी जुळत नाहीत. अशनी शोधण्याचा छंद जगभर वाढतो आहे, भाव चढत आहेत, आणि आपल्याकडेही यासाठी कायदा आणण्याच्या हालचाली झाल्या आहेत. म्हणून आज हा विषय नेमका कुठे येऊन ठेपला आहे, ते पाहू.

छंद म्हणजे नेमके काय

आधी एक गल्लत दूर करायला हवी. डिसेंबरात जेमिनिड्‌सचा वर्षाव पाहायला वांगणीला किंवा आणखी कुठल्या अंधाऱ्या माळावर रात्र काढणारे, आणि अशनी शोधणारे, यांचे छंद वेगळे आहेत. वर्षावातल्या उल्का म्हणजे बहुतेक वाळूच्या कणाएवढ्या. त्या वरच जळून संपतात, हाती काही लागत नाही. जो दगड वातावरणातून तगून जमिनीपर्यंत पोचतो तो अशनी. तो येतो तेव्हा अनेकदा दिवसाढवळ्याही दिसेल असा अग्निगोल दिसतो, गडगडाट ऐकू येतो, आणि फुटलेले तुकडे काही किलोमीटर लांबीच्या लंबगोल पट्ट्यात विखुरतात. जड तुकडे पुढे जातात, हलके मागे राहतात. शोधकाचे अर्धे काम हा पट्टा नकाशावर आखण्याचे असते. त्यासाठी गावोगावच्या कॅमेऱ्यांतले चित्रण, हवामान खात्याच्या रडारवरचे ठिपके, वरच्या हवेतल्या वाऱ्याची दिशा, सगळे वापरले जाते. उरलेले अर्धे काम म्हणजे पायपीट.

दुसरा प्रकार पडताना कोणी न पाहिलेल्या, जुन्या अशनींचा. ते शोधायला वाळवंट बरे. फिक्या वाळूवर काळा दगड उठून दिसतो आणि कोरड्या हवेत तो हजारो वर्षे टिकतो. अंटार्क्टिकाचे बर्फ त्याहून बरे.

आपल्या दख्खनच्या पठारावर हा छंद करायचा तर कपाळावर हात मारायची वेळ येते. इथे पायाखालचे सगळेच काळे. शिवाय पुस्तकातली पहिली चाचणी, दगड लोहचुंबकाला चिकटतो का, इथे निरुपयोगी आहे, कारण बसाल्टमध्येही चुंबकाला ओढले जाणारे खनिज असते. काही वर्षांपूर्वी आम्ही तिघे मित्र काठीला चुंबक बांधून पारनेरकडच्या एका माळावर सकाळपासून फिरलो. तासाभरात काठी उचलवेना, इतके खडे चिकटले होते. दुपारी एक दगड मिळाला. मुठीएवढा, वजनाला भारी, वरून गुळगुळीत काळा, आणि अंगठ्याने दाबल्यासारखे दोन खळगे. अशनीच्या वर्णनात हे अंगठ्याचे ठसे हमखास असतात. आम्ही एकमेकांकडे पाहिले, कोणी बोलले नाही. मग एकाने तो उलटा केला. खालच्या बाजूला वाटाण्याएवढे भोक होते आणि त्यात पांढऱ्या गारगोटीचे इवले स्फटिक चमकत होते. अशनीत अशी बुडबुड्यांची भोके नसतात आणि असल्या गारगोट्या तर नसतातच. दगड अजून माझ्या टेबलावर कागद दाबायला आहे.

हे सांगायचे कारण असे की जगभर तपासणीला येणाऱ्या ‘अशनीं’पैकी बहुसंख्य असेच निघतात: भट्टीतली मळी, लोखंडाची खनिजे, साधे नदीतले गोटे. कायद्याची चर्चा ज्या वस्तूभोवती चालते ती वस्तू ओळखणेच अवघड आहे, आणि या एका अडचणीचे पडसाद पुढे प्रत्येक मुद्द्यावर उमटतात.

पूर्वपीठिका

अशनीच्या मालकीचा आपल्याकडचा एक जुना आणि तपशीलवार दाखला जहांगीरच्या आत्मचरित्रात आहे. १६२१ मध्ये जालंधरजवळच्या एका गावात मोठा आवाज होऊन आकाशातून काही पडले. परगण्याच्या अंमलदाराने जागा मोजून घेतली, खणले, आणि खाली सापडलेला तप्त लोखंडाचा गोळा सीलबंद करून बादशहाकडे पाठवला. वजन १६० तोळे भरले. बादशहाने उस्ताद दाऊदकडून त्यात साधे लोखंड मिसळून तलवारी, खंजीर आणि सुरी घडवून घेतली. त्यातली सुरी आज वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियनमध्ये आहे. जमीन कोणाची, आधी पाहिले कोणी, हे प्रश्न तेव्हा कोणाला पडलेच नाहीत. मात्र त्या अंमलदाराने जागेची मोजणी केली आणि वेळ वाया न घालवता खणले. आजचा शास्त्रज्ञ याहून वेगळे काय मागतो?

युरोपात मात्र आकाशातून दगड पडतात हेच विद्वानांना मान्य नव्हते. १७९४ मध्ये एर्न्स्ट क्लाद्‌नी या जर्मन अभ्यासकाने तसा दावा केला तेव्हा त्याची थट्टा झाली. बाजू पालटली ती रसायनशास्त्रामुळे. एडवर्ड हॉवर्डने १८०२ मध्ये वेगवेगळ्या देशांत पडलेल्या दगडांचे पृथक्करण केले. त्यात डिसेंबर १७९८ मध्ये बनारसजवळ पडलेला दगडही होता. सगळ्यांच्या लोहात निकेल निघाले. पुढच्याच वर्षी फ्रान्समध्ये लेग्ल गावी हजारो दगडांचा पाऊस पडला, झां-बातीस्त बियोने गावकऱ्यांच्या साक्षी घेत नकाशा केला आणि वाद संपला. मग संग्रहालयांची चढाओढ सुरू झाली. २५ ऑगस्ट १८६५ रोजी बिहारमध्ये गयेजवळ शेरघाटीला पडलेला पाच किलोंचा दगड पुढे मंगळावरचा निघाला आणि त्या जातीच्या सगळ्या अशनींना त्या गावाचेच नाव मिळाले. त्याचा मोठा भाग कोलकात्यात आहे, तुकडे जगभर गेले.

आजच्या अर्थाने हा छंद आणि व्यवसाय सुरू झाला तो अमेरिकेत हार्वे निनिंगर या शिक्षकापासून. त्याने १९२० नंतर गावोगाव व्याख्याने देऊन शेतकऱ्यांना अशनी कसा ओळखावा ते शिकवले आणि सापडलेल्या दगडाचे वजनावर पैसे दिले. नांगराला लागलेले आणि बांधावर फेकून दिलेले दगड असे शेकड्यांनी उजेडात आले. त्याच्या संग्रहाचा एक भाग १९५८ मध्ये ब्रिटिश म्युझियमने आणि उरलेला पुढे ॲरिझोनाच्या विद्यापीठाने विकत घेतला. या वादातल्या दोन्ही बाजू आजही निनिंगरला आपला म्हणतात. १९९० नंतर सहारातले भटके आणि मोरोक्कोतले व्यापारी यात उतरले, इंटरनेटवर लिलाव सुरू झाले, आणि छंदाचा बाजार झाला.

ज्याची जमीन त्याचा दगड

मालकीच्या प्रश्नावर न्यायालयांनी दिलेले सर्वांत जुने आणि सर्वांत टिकलेले उत्तर हे आहे. मे १८९० मध्ये आयोवा राज्यात एक अशनी पडला. गवतासाठी कुळाने घेतलेल्या जमिनीत ३० किलोंचा एक दगड तीन फूट रुतला. एका माणसाने कुळाच्या संमतीने तो खणून काढला आणि विंचेल नावाच्या भूशास्त्रज्ञाला १०५ डॉलरना विकला. जमिनीचा मालक गोडार्ड न्यायालयात गेला. १८९२ च्या निकालात राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की नदीच्या गाळाने जमीन वाढते तशीच ही निसर्गाने जमिनीत घातलेली भर आहे. ती जमिनीचा भाग झाली, म्हणून मालकाची. कुळाला गवताचा हक्क होता, दगडाचा नव्हता.

दुसरा खटला ओरेगॉनचा. तो कायद्याच्या पुस्तकाबाहेरही वाचण्यासारखा आहे. १९०२ मध्ये एलिस ह्यूज या शेतकऱ्याला विलामेट खोऱ्यात, शेजारच्या लोखंड कंपनीच्या जंगलात, साडेपंधरा टनांचा लोह-अशनी दिसला. त्याने पोराच्या आणि एका घोड्याच्या मदतीने, घरीच केलेल्या गाड्यावर, तीन महिने खपून तो सव्वा किलोमीटरवरच्या आपल्या जमिनीत आणला. वर छप्पर घातले आणि बघायला २५ सेंटांचे तिकीट लावले. कंपनीने दावा लावला. ह्यूजचा बचाव चतुर होता: हा दगड आदिवासींची पूज्य वस्तू होती, त्यांनी ती सोडून दिली, आणि सोडलेली वस्तू सापडेल त्याची. त्याने आदिवासी साक्षीदारही उभे केले. लढाईपूर्वी दगडाच्या खळग्यांतल्या पाण्यात बाण बुडवत, असे त्यांनी सांगितले. न्यायालयाने १९०५ मध्ये हे मानले नाही. दगड कंपनीचा ठरला. तो २०,६०० डॉलरना विकला गेला आणि न्यूयॉर्कच्या नैसर्गिक इतिहास संग्रहालयात पोचला.

गोष्ट तिथे संपत नाही. क्लॅकमस लोक या दगडाला तोमानोवोस म्हणतात. त्यांच्या वारसांनी तो परत मागितला आणि २००० मध्ये संग्रहालयाशी करार झाला. दगड न्यूयॉर्कमध्येच राहील, पण जमातीचे लोक दर वर्षी तिथे जाऊन आपला विधी करतील. म्हणजे जो पुरावा १९०५ मध्ये एका शेतकऱ्याने स्वतःच्या सोयीसाठी मांडला, तोच शंभर वर्षांनी मूळ लोकांच्या कामी आला. आणखी एक गंमत म्हणजे भूशास्त्रज्ञांच्या मते हा अशनी ओरेगॉनमध्ये पडलेलाच नाही. जागेवर विवर नाही. हिमयुगातल्या महापुरात बर्फाच्या लादीवर बसून तो उत्तरेकडून वाहत आला असावा. निसर्गाने जमिनीत घातलेली भर, हे सूत्र इथे अक्षरशः लागू पडते, फक्त निकाल देणाऱ्यांच्या कल्पनेतल्यापेक्षा वेगळ्या वाटेने.

जमीनमालकाच्या बाजूने मुख्य युक्तिवाद साधा आहे. नियम सगळ्यांना आधीच ठाऊक असतो आणि कोणाच्याही शिवारात घुसून उकरायला प्रोत्साहन मिळत नाही. स्वीडनमध्ये नोव्हेंबर २०२० मध्ये पडलेल्या १४ किलोंच्या लोह-अशनीवरून शोधणारे आणि जमीनमालक न्यायालयात गेले. तिथेही २०२४ मध्ये अपील न्यायालयाने जमिनीच्या बाजूनेच कौल दिला. कमकुवत बाजूही उघड आहे. मालकाला अनेकदा आपल्या रानात काय पडले आहे याचा पत्ता नसतो. शोधणारा कष्ट करतो, आणि त्याच्या वाट्याला काही येणार नसेल तर तो दगड गुपचूप खिशात घालतो आणि जागा दुसरीच सांगतो.

सापडेल त्याचा

शोधकांची बाजू म्हणूनच कष्टापासून सुरू होते. त्यांचे म्हणणे असे: संग्रहालयांकडे माणसे नाहीत, विद्यापीठांकडे पैसे नाहीत, आणि पावसात गंजून जाणारा दगड वाट पाहत नाही. आज चंद्राचे आणि मंगळाचे जे अशनी प्रयोगशाळांत आहेत त्यांतले कितीतरी सहारातल्या उंटवाल्यांनी आणि व्यापाऱ्यांनी आणले. शिवाय नव्या अशनीला अधिकृत नाव हवे तर नमुना मान्यताप्राप्त संस्थेत ठेवावा लागतो. २० ग्रॅम किंवा एकूण वजनाच्या २० टक्के, जे कमी असेल ते. म्हणजे बाजारात गेलेल्या दगडाचाही एक वाटा विज्ञानाला मिळतोच.

शुद्ध स्वरूपात ‘सापडेल त्याचा’ हा नियम फार थोड्या ठिकाणी आहे. त्याचे माफक रूप अमेरिकेत दिसते. १९७० नंतरच्या दशकात कॅलिफोर्नियाच्या मोहावी वाळवंटात खनिजे शोधणाऱ्यांना पावणेतीन टनांचा लोह-अशनी सापडला. त्यांनी खाणीच्या कायद्याने दावा नोंदवला. तो फेटाळला गेला. अशनी हे खाणीचे खनिज नाही आणि जमीन केंद्र सरकारची, म्हणून तो स्मिथसोनियनकडे गेला. राज्य सरकारने त्याविरुद्ध लढा दिला आणि हरले. हौशी लोकांचे काय, हा प्रश्न त्यानंतरही तीस-पस्तीस वर्षे लोंबकळत राहिला. २०१२ मध्ये तिथल्या भूव्यवस्थापन खात्याने नियम काढला: खात्याच्या जमिनीवर माणशी वर्षाला दहा पौंड, म्हणजे साधारण साडेचार किलो, पृष्ठभागावरचे अशनी फुकट उचलता येतील. ते स्वतःसाठीच, विकायचे तर परवाना. राष्ट्रीय उद्यानांत हात लावायचा नाही. छंद आणि धंदा यांच्यात अशी वजनावर रेघ ओढणे मला व्यवहार्य वाटते, पण तिचीही मर्यादा आहे. चंद्राचा शंभर ग्रॅमचा तुकडा आणि साधा शंभर ग्रॅमचा तुकडा तराजूला सारखेच.

राज्याचा वारसा

तिसरी बाजू म्हणते की अशनी ही सार्वजनिक ठेव आहे. पश्चिम ऑस्ट्रेलियात सापडलेला अशनी राज्याचा आणि तो संग्रहालयात जमा करायचा असा कायदा आहे. अर्जेंटिनातल्या कांपो देल सिएलो, म्हणजे ‘आकाशाचे रान’, या भागात हजारो वर्षांपूर्वी लोह-अशनींचा वर्षाव झाला. त्यातले सर्वांत मोठे गोळे तीस टनांच्या घरात आहेत. १९९० मध्ये एका अमेरिकी व्यापाऱ्याने त्यातला एक उचलून न्यायचा बेत केला आणि तो पकडला गेला. २००७ मध्ये तिथे अशनी सांस्कृतिक संपदा ठरले. तरी २०१५ मध्ये एक टनाहून अधिक माल घेऊन जाणारी गाडी पोलिसांनी अडवलीच. कायद्याने चोरी थांबली नाही, निदान तिला चोरी म्हणता येऊ लागले. ओमानमध्येही परदेशी शोधकांना तुरुंगाची हवा खावी लागली आहे. मोरोक्कोने बंदीऐवजी परवान्याची वाट धरली.

या बाजूतला सर्वांत समंजस नमुना डेन्मार्कचा म्हणावा लागेल. १९९० पासून तिथे महत्त्वाचे जीवाश्म आणि अशनी ‘दानेक्रे’ म्हणून राज्याचे असतात. सापडणाऱ्याने ते संग्रहालयाला द्यायचे, आणि संग्रहालयाने त्याला मोबदला द्यायचा. लपवण्यात फायदाच उरत नाही.

गरीब देशांसाठी हा प्रश्न फक्त विज्ञानाचा नाही. सोमालियातल्या एल अली गावाजवळचा पंधरा टनांचा लोखंडी खडक उंटपाळांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होता, त्यावर ते सुऱ्या घासत. २०२२ मध्ये त्यात निसर्गात पूर्वी न दिसलेली खनिजे सापडल्याचे कॅनडातून जाहीर झाले. तोवर तो दगड देशाबाहेर गेला होता आणि शास्त्रज्ञांच्या हाती होता एक छोटा तुकडा. जुलै २०२५ मध्ये न्यूयॉर्कला मंगळाचा २४ किलोंहून जड दगड ५३ लाख डॉलरना विकला गेला. तो नोव्हेंबर २०२३ मध्ये नायजरच्या अगादेझ भागात सापडला होता. तो बाहेर गेलाच कसा याची चौकशी नायजरने सुरू केली. लिलावकर्त्यांनी सर्व प्रक्रिया पाळल्याचे सांगितले. सांस्कृतिक संपदेच्या अवैध व्यापाराविरुद्धच्या १९७० च्या युनेस्को कराराचा आधार घेता येतो, कारण त्यात दुर्मीळ खनिजांचे नमुने येतात. पण मूळ देशाने आपल्या कायद्यात तसे आधी लिहून ठेवलेले असावे लागते. बरेच देश दगड गेल्यावर कायदा शोधू लागतात.

शास्त्रज्ञांना काय हवे

शास्त्रज्ञांत एकमत नाही. काही जण व्यापाऱ्यांशी संबंध ठेवायलाच नको म्हणतात, कारण खरेदीमुळे तस्करीला बळ मिळते. काही जण म्हणतात, आम्ही घेतला नाही तर दगड कुणाच्या दिवाणखान्यात जाईल. दोघांनाही मालकीइतकीच, खरे तर त्याहून जास्त, काळजी दोन गोष्टींची असते: दगड नेमका कुठे मिळाला, आणि किती लवकर.

सहारातून आलेल्या हजारो अशनींची नावे ‘नॉर्थवेस्ट आफ्रिका’ आणि पुढे क्रमांक, एवढीच आहेत. व्यापारी जागा सांगत नाहीत; सांगितली तर उद्या तिथे दुसरा पोचेल. त्यामुळे कोणता दगड कोणाचा भाऊ, पडून किती काळ झाला, हे कळायची वाट बंद होते. दुसरे नुकसान अगदी साध्या हत्याराने होते. ‘ब्लॅक ब्युटी’ या मंगळाच्या प्रसिद्ध अशनीत त्या ग्रहाच्या प्राचीन चुंबकीय क्षेत्राची खूण असायला हवी होती. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने दाखवले की दगड ओळखण्यासाठी लावलेल्या हातातल्या चुंबकांनीच ती पुसली. चार अब्ज वर्षे टिकलेली नोंद, आणि ती गेली काही सेकंदांत.

उलट उदाहरण इंग्लंडमधल्या विंचकोंबचे. २८ फेब्रुवारी २०२१ च्या रात्री अग्निगोल दिसला आणि सकाळी एका घराच्या दारातल्या गाडीवाटेवर काळ्या चुऱ्याचा ढीग होता. घरच्यांनी तो लगेच पिशव्यांत भरून ठेवला, कॅमेऱ्यांच्या जाळ्यामुळे शास्त्रज्ञ लवकर पोचले, आणि दगड लंडनच्या संग्रहालयाला दिला गेला. पाऊस लागण्याआधी उचलल्यामुळे त्यातल्या पाण्याचा अभ्यास करता आला. ब्रिटनमध्ये अशनींसाठी खास कायदा नाही, हे इथे नोंदवले पाहिजे.

आपल्याकडे

भारतात अशनी भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाकडे द्यायचे ही ब्रिटिश काळापासूनची पद्धत आहे. सर्वेक्षण स्वतःला देशातल्या अशनींचे अधिकृत राखणदार मानते आणि त्याच्या मध्य विभागाचे मुख्यालय नागपुरात आहे. पण संसदेने केलेला, अशनींचे नाव घेऊन मालकी ठरवणारा कायदा नाही. जवळपासचे कायदे लावून पाहिले तर प्रत्येक ठिकाणी थोडे अडते. १८७८ चा निखात निधीचा कायदा जमिनीत दडलेल्या मौल्यवान वस्तूंबद्दल आहे आणि दहा रुपयांहून अधिक मोलाचे काही सापडले तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवायला सांगतो. शेतात वर पडलेला दगड ‘दडलेला’ म्हणायचा का? १९७२ चा पुरावस्तू कायदा माणसाने घडवलेल्या जुन्या गोष्टींसाठी लिहिला आहे. कालच आकाशातून पडलेली वस्तू पुरावस्तू कशी? खनिज कायदा खाणींचा. महाराष्ट्रातल्या खाणींतून निघणाऱ्या गारगोट्यांचे स्फटिक जगभरच्या संग्राहकांकडे जातात, त्या व्यवहाराला निदान खाणपट्ट्याचा आधार असतो. अशनीला तोही नाही.

डिसेंबर २०२२ मध्ये केंद्र सरकारने भूवारसा स्थळे आणि भू-अवशेष यांच्या जतनासाठी विधेयकाचा मसुदा प्रसिद्ध केला. भू-अवशेषांच्या व्याख्येत अशनींचा स्पष्ट उल्लेख आहे. संरक्षण हवे याबद्दल फारसे दुमत नव्हते. हरकती आल्या त्या सगळे अधिकार एकट्या सर्वेक्षणाच्या हाती देण्याबद्दल. संशोधकांना परवानगीसाठी खेटे घालावे लागतील, आणि स्वतंत्र प्राधिकरण असावे, असे अनेक भूशास्त्रज्ञांचे म्हणणे होते. हौशी शोधकाचे स्थान काय, हा मुद्दा त्या चर्चेत जवळजवळ आलाच नाही.

व्यवहारात काय होते ते प्रसंगांवर अवलंबून असते. जुलै २०१९ मध्ये बिहारच्या मधुबनी जिल्ह्यात भाताच्या खाचरात मोठा दगड पडला. तो आधी मुख्यमंत्र्यांना दाखवला गेला आणि मग पाटण्याच्या संग्रहालयात ठेवला. १७ ऑगस्ट २०२२ ला गुजरातमध्ये दियोदर तालुक्यात एका गावी लिंबाच्या फांदीवर आणि दुसऱ्या गावी नव्या घराच्या ओसरीत तुकडे पडले, फरशी फुटली. अहमदाबादच्या भौतिक संशोधन प्रयोगशाळेने तपासले तेव्हा तो ऑब्राइट हा अत्यंत दुर्मीळ प्रकार निघाला. भारतात असा अशनी त्याआधी पडला होता तो १८५२ मध्ये, उत्तर प्रदेशातल्या बस्तीला. काटोलच्या तुकड्यांवर खरगपूरच्या आयआयटीतल्या संशोधकांच्या पुढाकाराने काम झाले. पृथ्वीच्या खोल अंतरंगात विपुल असलेले पण आपल्या हाती कधी न येणारे ब्रिजमनाइट हे खनिज त्यांना तिथे मिळाले, आणि २०२१ मध्ये ते प्रसिद्ध झाले. काटोलसारख्या तालुक्याच्या गावाचे नाव त्यामुळे जगभरच्या भूशास्त्रज्ञांना ठाऊक झाले.

लोणारचे नाव इथे घेतलेच पाहिजे, कारण मराठी हौशी माणूस पहिल्यांदा तिथेच जातो. १.८ किलोमीटर व्यासाचे, बसाल्टमध्ये झालेले हे आघात-विवर जगात दुर्मीळ आहे. पण ज्याने ते केले त्या अशनीचा एकही तुकडा तिथे सापडलेला नाही. परिसर अभयारण्य आहे आणि २०२० पासून रामसर स्थळही. तिथून दगड उचलणे बेकायदा आहे आणि उचललाच तर तो बसाल्ट असतो. दुसरे सावध राहायचे ते ठगांपासून. ‘राइस पुलर’च्या नावाने वीज पडलेल्या, अवकाशातून आलेल्या धातूचे आमिष दाखवून लोकांना लाखोंना बुडवणाऱ्या टोळ्या महाराष्ट्रात वरचेवर पकडल्या जातात. कायद्याची पोकळी आणि वस्तूची अनोळख, दोन्ही त्यांना सोयीची.

न सुटलेले

सगळ्या बाजू मांडल्यावर काही गाठी राहतातच. राज्याचा हक्क मानला तर मोबदला किती आणि कोण ठरवणार? डेन्मार्क छोटा देश आहे. छंद आणि व्यापार यांची सीमा वजनावर ठरवायची, किमतीवर की हेतूवर? सामान्य प्रकारचे अशनी, ज्यांचे नमुने संग्रहालयांत ढिगाने आहेत, तेही हौशी माणसाच्या हाती राहू द्यायचे नाहीत का? अंटार्क्टिकात मालकीच नाही; तिथे करारातल्या देशांनी फक्त शास्त्रीय संकलनाला मोकळीक ठेवली आहे, आणि जगातले बहुसंख्य नोंदवलेले अशनी तिथलेच आहेत. त्या नियमाचा काही अंश इतरत्र आणता येईल का? आणि गावाने शेंदूर लावून देवळात बसवलेल्या दगडाचे काय? ओरेगॉनच्या करारासारखे काही आपल्याकडे कोणी सुचवलेले नाही.

माझे स्वतःचे मत विचाराल तर मालकीच्या आधी नोंदीचा कायदा हवा. दगड कोणाचा आहे हे दहा वर्षांनीही ठरवता येते. तो कुठल्या गटात, कुठल्या बांधाशी, किती खोल पडला होता, हे त्या दिवशी लिहिले नाही तर कायमचे गेले. पंचनामा आपल्याकडे वीज पडली, गारपीट झाली, बिबट्याने शेळी नेली, या सगळ्याचा होतो. अशनीचा व्हायला नवे खाते लागत नाही.

गेल्या वर्षी विदर्भातल्या एका शाळेत या विषयावर बोलायला गेलो होतो. दगड दिसला तर चुंबक लावू नका, नुसत्या हाताने उचलू नका, शेजारी नाणे ठेवून फोटो काढा, जागेचे लोकेशन जपून ठेवा, स्वच्छ फॉइलमध्ये गुंडाळा आणि तहसीलदारांना कळवा, असे सांगून संपवले. मुलांनी मंगळाबद्दल विचारले. मागे दाराशी उभे असलेले एक पालक, शेतकरी, शेवटी म्हणाले, “गुरुजी, दगड देतो आम्ही. पावती भेटंल का?” मुले हसली. ते हसले नाहीत.